एकवापरी शस्त्रसाधने : नवी आणि पुनःसंस्कारित

२०१८ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. क्षारसूत्राचे रुग्ण आटोपून दुपारी चिकित्सालय बंद करण्याच्या बेतात असताना शल्यसाहित्याचा एक फिरता विक्रेता आला. त्याच्या पिशवीत कॉटरी पेन्सिली होत्या. पारदर्शक पाकिटात बंद, वरवर पाहता कोऱ्या, आणि किंमत मात्र नव्या पेन्सिलीच्या जेमतेम चौथ्या हिश्श्याइतकी. कारण विचारताच तो मोकळेपणाने म्हणाला, “डॉक्टरसाहेब, हा ईटीओ केलेला माल आहे. मोठमोठ्या हॉस्पिटलांत हाच चालतो. नव्यात आणि यात काडीचा फरक नाही.” मी त्यास तीन प्रश्न विचारले. ईटीओ कोणी केले? ही पेन्सिल यापूर्वी किती वेळा वापरली गेली? आतील तार आणि बटण पुन्हा तपासल्याचा कागद कुठे आहे? तिन्ही प्रश्नांना त्याचे एकच उत्तर होते : “अजून कोणाची तक्रार नाही.”

त्याला परत पाठवले खरे. पण हात धुण्यासाठी वळलो, तेव्हा बेसिनशेजारच्या ट्रेमध्ये ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात बुडवून ठेवलेले दोन प्लॅस्टिकचे प्रॉक्टोस्कोप दिसले. ते एकदाच वापरावयाचे असतात, असे त्यांच्या वेष्टनावर छापलेले असते, हे मला ठाऊक होते. विक्रेत्याला विचारलेले तीन प्रश्न त्या क्षणी कोणी मला विचारले असते, तर माझेही उत्तर त्याच्यासारखेच आले असते.

प्रस्तुत लेखाचे मूळ त्या दुपारी आहे. नवे एकवापरी साधन आणि पुनःसंस्कार केलेले साधन यांत श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडतो. शल्यकर्म करणाऱ्या वैद्यास तो पडतो, पंचकर्म करणाऱ्यास पडतो आणि त्यांना साहित्य पुरविणाऱ्या औषधालयचालकांसही पडतो. त्याचे उत्तर ‘नवे ते चांगले’ किंवा ‘उकळले की झाले’ इतके सोपे नाही.

चार शब्द, चार अर्थ

व्यवहारात आपण चार भिन्न गोष्टींची सरमिसळ करतो. पहिली, पुनर्वापरयोग्य साधने. स्टीलची एषणी, आर्टरी फोर्सेप्स, कात्री, स्टीलचा प्रॉक्टोस्कोप ही मुळातच शेकडो वेळा धुऊन, वाफेने निर्जंतुक करून वापरण्यासाठी घडविलेली असतात. दुसरी, एकवापरी साधने, ज्यांना आपण सर्रास ‘डिस्पोजेबल’ म्हणतो. त्यांच्या वेष्टनावर वर्तुळात २ हा आकडा असून त्यावर तिरकी रेघ मारलेली असते. याचा अर्थ, दुसऱ्यांदा वापरू नये. तिसरी, पुनःसंस्कारित साधने. एकवापरी म्हणून विकलेले साधन गोळा करून, ठरावीक आणि सिद्ध केलेल्या पद्धतीने धुऊन, प्रत्येक नग तपासून, निर्जंतुक करून, नव्या वेष्टनात, नव्या जबाबदारीसह परत दिलेले, ते हे. चौथी गोष्ट म्हणजे नुसतेच पुन्हा वापरलेले साधन : नळाखाली धरलेले, उकळलेले किंवा द्रावणात बुडविलेले.

माझ्या ट्रेमधील प्रॉक्टोस्कोप चौथ्या प्रकारचे होते. विक्रेत्याच्या पेन्सिलीही चौथ्याच प्रकारच्या होत्या. फक्त त्यांस तिसऱ्या प्रकारचे नाव दिलेले होते. नव्या साधनाशी तुलना करावयाची तर ती तिसऱ्या प्रकाराशीच होऊ शकते. चौथ्याची तुलना कशाशीच होत नाही, कारण त्याच्या अवस्थेविषयी कोणीच काही सांगू शकत नाही.

सुश्रुताचार्यांची कसोटी

आपल्या शास्त्रात शस्त्र टाकून देण्याची कल्पना नाही, म्हणून पुनर्वापरास शास्त्राधार आहे, असा युक्तिवाद काही वैद्यमित्र करतात. तो अर्धाच खरा आहे. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे सांगितली आहेत आणि ती निश्चितच पुनःपुन्हा वापरण्याची होती. परंतु त्यासोबत आचार्यांनी पुनर्वापराची पूर्ण व्यवस्थाही लावून दिली आहे. क्षार, उदक व तैल अशी त्रिविध पायना, धार लावण्यासाठी माषवर्णाची गुळगुळीत शिला, धार टिकविण्यासाठी शाल्मलीचे फलक आणि केस कापून धारेची परीक्षा. यंत्रांचे १२ व शस्त्रांचे ८ दोष त्यांनी स्वतंत्रपणे मोजले. वक्र, कुण्ठ, खण्ड, खरधार ही शस्त्रदोषांची नावे आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केली आहेत. दोषयुक्त शस्त्र वापरू नये, हा त्यामागील आदेश आहे. भेदनाच्या शस्त्राची धार मसुराएवढी, तर व्यधन व विस्रावणाच्या शस्त्राची केसाएवढी असावी, इतका सूक्ष्म विचार तेथे केलेला आहे.

आता सिरावेधासाठी वापरलेली सुई या कसोटीवर ठेवून पाहावी. त्वचा आणि सिराभित्ती एकदा भेदल्यावर तिचे तिरके कापलेले टोक बोथट होते, कधी सूक्ष्म आकड्यासारखे वळते. डोळ्यांना ते दिसत नाही, भिंगाखाली दिसते. म्हणजे दुसऱ्या वापराआधीच ती कुण्ठ आणि वक्र झालेली असते. तिला शिलेवर घासता येत नाही, पायना देता येत नाही. ज्या शस्त्रास दोषमुक्त करण्याचा मार्गच उपलब्ध नाही, ते शस्त्र सुश्रुताचार्यांच्या नियमानेही त्याज्यच ठरते.

जलौकेचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. रक्तपान केलेल्या जलौकेस वमन करवून पाण्याच्या पात्रात सोडावे आणि तिची हालचाल पाहावी, असे सांगितले आहे. सम्यक् वान्त जलौका भक्ष्य शोधत चपळपणे फिरते. दुर्वान्त जलौका निश्चेष्ट पडून राहते आणि तिला इंद्रमद नामक व्याधी होतो. वाग्भटाचार्य तर सात दिवस तिला पुन्हा न लावण्यास सांगतात. आजच्या भाषेत बोलायचे तर स्वच्छता, कार्यपरीक्षा आणि विश्रांतीकाल अशी ही पुनःसंस्काराची संपूर्ण पद्धत आहे. त्या काळी उपलब्ध असलेल्या ज्ञानाप्रमाणे ती निर्दोष होती. रक्तातून संक्रमित होणाऱ्या हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांची परीक्षा मात्र पाण्याच्या पात्रात होत नाही. म्हणून आज एका रुग्णाची जलौका दुसऱ्या रुग्णास लावणे सर्वथा वर्ज्य मानले पाहिजे. आचार्यांचा हेतू पाळावयाचा असेल, तर त्यांची रीत येथे बदलावी लागते.

इतर देशांचा अनुभव

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत रुग्णालये एकवापरी साधने आपापल्या पद्धतीने पुन्हा वापरीत. ऑगस्ट २००० मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने स्पष्ट केले की, जो कोणी एकवापरी साधनाचा पुनःसंस्कार करील, मग ते रुग्णालय असो वा बाहेरची कंपनी, त्याला मूळ उत्पादकाचेच सर्व नियम लागू होतील. २००२ च्या कायद्याने त्यापुढे जाऊन अनेक साधनांसाठी स्वच्छता, निर्जंतुकीकरण आणि कार्यक्षमता यांची सिद्धता सादर करणे बंधनकारक केले. परिणामी रुग्णालयांनी हे काम बहुतांशी सोडून दिले आणि ते विशेष यंत्रणा असलेल्या कंपन्यांकडे गेले.

मग असे साधन नव्याच्या बरोबरीचे ठरले काय? तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २००८ मध्ये या प्रश्नावर अहवाल दिला. २००३ ते २००६ या काळात प्रशासनाकडे आलेल्या ज्या ४३४ तक्रारींत पुनःसंस्कारित साधनाचा उल्लेख होता, त्यांपैकी केवळ ६५ प्रकरणांत असे साधन अनेक संभाव्य कारणांपैकी एक असू शकत होते. उपलब्ध माहितीवरून अधिक धोका दिसत नाही. मात्र काटेकोर तुलना करण्याइतकी माहितीही उपलब्ध नाही, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे. नियमांच्या चौकटीत, नोंदीसह झालेल्या पुनःसंस्काराविषयी तो बोलतो. आपल्या बेसिनशेजारच्या ट्रेविषयी तो काहीही सांगत नाही.

युरोपीय संघाचा २०१७ चा वैद्यकीय उपकरण नियम मे २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार एकवापरी साधनाचा पुनःसंस्कार त्या त्या देशाच्या कायद्याने परवानगी दिली असेल तरच करता येतो आणि करणाराच उत्पादक समजला जातो.

याच्या उलट बाजूचा धडा इंग्लंडने दिला. व्हेरिअंट क्रॉइट्झफेल्ट–जेकब या मेंदूच्या रोगाचे प्रायॉन नेहमीच्या वाफेने खात्रीपूर्वक नष्ट होत नाहीत आणि ते टॉन्सिलच्या ऊतीत आढळतात. तेव्हा २००१ च्या आरंभी टॉन्सिलच्या शस्त्रकर्मासाठी सर्वत्र नवी एकवापरी साधने वापरण्याचा आदेश निघाला. हेतू उत्तम होता. पण साधने घाईने पुरविली गेली. शस्त्रकर्मानंतरच्या रक्तस्रावाच्या तक्रारी येऊ लागल्या, विशेषतः एकवापरी डायथर्मी साधनांसंबंधी. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आदेश मागे घेण्यात आला आणि स्टीलची जुनी साधने परत आली. कल्पनेतील धोका टाळण्यासाठी आणलेल्या नव्याकोऱ्या साधनाने प्रत्यक्षातील धोका निर्माण केला होता. यंत्रदोषांच्या भाषेत सांगायचे तर ती साधने निर्जंतुक असूनही सदोष होती.

या दोन्ही अनुभवांतून एकच गोष्ट निघते. साधनाची योग्यता ते नवे की जुने यावरून ठरत नाही. ते कशासाठी घडविले, ते स्वच्छ होते हे कोणी सिद्ध केले आणि बिघडल्यास उत्तरदायी कोण, या तीन गोष्टींवर ती ठरते.

संस्काराने गुणांतर

संस्काराने द्रव्यात गुणांतर घडते, हे आपण प्रथम वर्षापासून शिकतो. साधनांच्या बाबतीतही तेच आहे. फरक इतकाच की, येथे गुणांतर बहुधा अनिष्ट असते.

पुनःसंस्काराची पहिली पायरी निर्जंतुकीकरण नसून स्वच्छता आहे. वाळलेले रक्त, पू आणि श्लेष्मा यांच्या थराखाली वाफ वा रसायन पोहोचत नाही. उघड्या पृष्ठभागाची कात्री घासता येते. बारीक पोकळ नळी घासता येत नाही. स्काल्प व्हेनची नळी, फीडिंग ट्यूब, बटणाच्या आत तार असलेली कॉटरी पेन्सिल ही साधने उघडून धुण्यासाठी घडविलेलीच नसतात. हिपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या पृष्ठभागावरही सात दिवसांपर्यंत संसर्गक्षम राहू शकतो, हे ध्यानी घेतले म्हणजे ‘आत थोडेसे राहिले असेल’ याचा अर्थ कळतो.

दुसरी गोष्ट द्रव्याची. १२१ अंश उष्णतेच्या वाफेत स्टील टिकते. स्वस्त प्लॅस्टिक वाकते, त्याला सूक्ष्म तडे जातात. म्हणून प्लॅस्टिकसाठी एथिलिन ऑक्साइड वायू वापरतात. परंतु हा वायू विषारी असून द्रव्यात शोषला जातो. तो पूर्णपणे निघून जाण्यासाठी ठरावीक काळ वातन करावे लागते. उत्पादक हा काळ विशिष्ट प्लॅस्टिकसाठी मोजून ठरवितो. गल्लीतल्या केंद्रात ‘ईटीओ करून दिले’ म्हणजे तो मोजला गेला, असे नव्हे.

तिसरी गोष्ट द्रावणांची. दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये वीस मिनिटे बुडविल्याने उच्च प्रतीचे निर्जंतुकत्व मिळते. बीजाणूंसह पूर्ण निर्जंतुकीकरणासाठी दहा तास लागतात. शिवाय हे द्रव्य प्रथिने घट्ट करते. न धुतलेले साधन त्यात टाकले, तर मळ निघण्याऐवजी पक्का होतो. उकळत्या पाण्याने बीजाणू मरत नाहीत, हे तर सर्वश्रुत आहे. तरीही स्टोव्हवरचे भांडे अनेक चिकित्सालयांतून अद्याप गेलेले नाही.

आपल्या चिकित्सालयातील साधने

स्पॉल्डिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलेले वर्गीकरण येथे उपयोगी पडते. त्वचा वा रक्तवाहिनी भेदणारे साधन पूर्ण निर्जंतुक हवे. श्लेष्मल त्वचेस स्पर्श करणाऱ्यास किमान उच्च प्रतीचे निर्जंतुकीकरण हवे. अखंड त्वचेस स्पर्श करणाऱ्यास स्वच्छता पुरते. हे सूत्र आपल्या कर्मांना लावून पाहू.

सिरावेध व विद्धकर्म : सुई, स्काल्प व्हेन सेट व सिरिंज नेहमी नवी. एकाच रुग्णाच्या पुढील बैठकीसाठीसुद्धा जुनी सुई ठेवू नये. विद्धकर्मात एका बैठकीत अनेक वेध असतील, तर टोक बोथट वाटताच सुई बदलावी. येथे सवलतीस जागा नाही. २००९ मध्ये गुजरातेतील मोडासा परिसरात पुन्हा वापरलेल्या सिरिंज-सुयांशी जोडली गेलेली हिपॅटायटिस बी ची साथ उद्भवली, त्यात शेकडो लोक बाधित झाले आणि अनेक दगावले. २०१८ च्या आरंभी उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात एचआयव्हीबाधितांचा जो समूह आढळला, त्याचाही संबंध पुन्हा वापरलेल्या सुईशी जोडला गेला. ही शहरांतील महाविद्यालयीन रुग्णालये नव्हती. आपण जेथे चिकित्सा करतो, तशाच गावांतून हे घडले.

जलौकावचरण : एक जलौका, एक रुग्ण. अमेरिकेने २००४ मध्ये जलौकेस वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली, तेथेही ती एकवापरीच गणली जाते. त्याच रुग्णासाठी तीच जलौका स्वतंत्र, नाव लिहिलेल्या पात्रात ठेवण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. तिच्या अन्नमार्गात एरोमोनास जातीचे जंतू स्वभावतःच असतात आणि पात्रांची अदलाबदल ही मानवी चूक केव्हाही होऊ शकते. म्हणून वापरानंतर तिची जैववैद्यकीय कचऱ्यात विल्हेवाट लावणे श्रेयस्कर.

क्षारसूत्र व गुदगत कर्मे : सूत्र एकदाच वापरले जाते, यात वाद नाही. एषणी, फोर्सेप्स, कात्री उत्तम प्रतीच्या स्टीलची घ्यावी आणि वाफेने निर्जंतुक करावी. ब्लेड नेहमी नवे. प्रॉक्टोस्कोपच्या बाबतीत दोनच मार्ग आहेत : स्टीलचा असेल तर धुऊन, वाफेने निर्जंतुक करून पुन्हा, प्लॅस्टिकचा असेल तर एकदाच. प्लॅस्टिकचा धुऊन वापरणे हा तिसरा मार्ग मी अनेक वर्षे चोखाळला, तो आता सोडला आहे. दिवसाला रुग्ण अधिक असतील, तर स्टीलचे सहा-आठ नग घेऊन ठेवावेत. ही एकदाच करावयाची गुंतवणूक आहे.

कॉटरी पेन्सिल : रोधन फाटले असल्यास भलत्याच ठिकाणी भाजते, बटण अडकल्यास नको तेव्हा प्रवाह चालू राहतो. वाफेत टिकणाऱ्या, पुनर्वापरासाठीच बनविलेल्या पेन्सिली बाजारात मिळतात आणि त्यांवर किती वेळा वापरावी हे लिहिलेले असते. त्या घ्याव्यात, अन्यथा नवी एकवापरी घ्यावी.

बस्ति : निरूह व अनुवासनासाठी अनेकजण रबरी कॅथेटर धुऊन पुन्हा वापरतात. येथे आपल्या कर्मातील एक विशेष अडचण आहे, ती म्हणजे स्नेह. तैलाचा थर नळीच्या आत राहतो, वाफेस अटकाव करतो आणि रबर स्नेहाने फुगून मृदू होते. यास सुश्रुतोक्त मृदुमुख व शिथिल हे दोष म्हणावयास हरकत नाही. तेव्हा प्रत्येक रुग्णास नवा कॅथेटर; एकाच रुग्णाच्या बस्तिक्रमात तोच वापरण्याचा मोहही टाळावा. बस्तिपात्र मात्र स्टीलचे असल्यास डिटर्जंट व गरम पाण्याने धुऊन खुशाल वापरावे.

उत्तरबस्ति : गर्भाशय वा मूत्राशय हे स्थान असल्याने नळी निर्जंतुक आणि नवीच हवी. हातमोजे धुऊन, पावडर लावून वापरण्याची जुनी रीत आता इतिहासजमा झाली पाहिजे. धुण्याने लॅटेक्समध्ये सूक्ष्म छिद्रे पडतात. अग्निकर्माची शलाका तप्त होतच असली, तरी जळलेली ऊती खरवडून, धुऊन मगच ठेवावी.

एक चूक आणि तिचा हिशेब

त्या विक्रेत्याला विचारलेले प्रश्न मनात राहिल्याने २०१९ मध्ये मी माझ्या उभ्या ऑटोक्लेव्हची जैविक चाचणी दर आठवड्यास सुरू केली. त्याआधी मी ड्रमवर चिकटविलेल्या पट्टीवर विसंबून होतो. पट्टीवरील रेघा काळ्या झाल्या की साधने निर्जंतुक झाली, अशी माझी समजूत होती. वस्तुतः ती पट्टी बाहेरच्या पृष्ठभागास उष्णता लागली, एवढेच सांगते. जैविक चाचणीत उष्णतेस दाद न देणाऱ्या जंतूंचे बीजाणू असलेली कुपी ड्रमच्या मध्यभागी ठेवतात आणि नंतर ती उबवून पाहतात. बीजाणू जगले असतील, तर द्रवाचा रंग बदलतो.

काही महिने सर्व सुरळीत होते. एका सोमवारी कुपीचा रंग बदलला. दुसरी कुपी ठेवून पुन्हा पाहिले, तीही बदलली. यंत्र बिघडलेले नव्हते. आठ दिवसांपूर्वी रुजू झालेला नवा मदतनीस ड्रमच्या बाजूच्या खिडक्या वाफ देण्याआधीच बंद करीत होता. त्याचा दोष नव्हता. खिडक्या आधी उघड्या ठेवायच्या आणि बाहेर काढल्यावर बंद करायच्या, हे त्याला मी सांगितलेच नव्हते. वाफ आत शिरतच नव्हती आणि बाहेरची पट्टी रोज इमानेइतबारे काळी होत होती.

त्या आठ दिवसांत ज्या रुग्णांचे क्षारसूत्र बदलले, त्यांची यादी मी नोंदवहीतून काढली. प्रत्येकास स्वतः दूरध्वनी केला, बोलावून काय घडले ते सांगितले. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांच्या तपासण्या तेव्हा आणि पुढील सहा महिन्यांत पुन्हा, माझ्या खर्चाने करविल्या. कोणासही बाधा झाली नाही. दोघे पुन्हा माझ्याकडे आले नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देऊ शकत नाही. एक निवृत्त शिक्षक मात्र शेवटच्या अहवालाचा कागद घडी करीत म्हणाले, “वैद्यराज, तुमच्याकडे नोंद होती म्हणून तुम्हाला कळलं. नाहीतर तुम्हालाही कळलं नसतं आणि आम्हालाही.”

या वाक्यात या विषयाचे सार आहे, असे मला वाटते. पुनर्वापरयोग्य साधनेही नोंदीशिवाय तितकीच अविश्वसनीय असतात, जितकी विक्रेत्याच्या पिशवीतील पेन्सिल. मी स्टीलची साधने वापरतो म्हणून निर्धास्त होतो. तो आधारही अपुराच होता.

खर्चाचा खरा हिशेब

ग्रामीण भागात शुल्क कमी, रुग्ण गरीब, अशा स्थितीत नवे साधन परवडत नाही, ही अडचण खोटी नाही. पण हिशेब नीट मांडावा. सुईची किंमत चहाच्या एका कपाहून कमी आहे. ती वाचविण्यासाठी पाणी, डिटर्जंट, इंधन आणि मदतनिसाचा वेळ खर्ची पडतो. धुताना त्याच्या बोटात सुई टोचली, तर पुढील उपचार व मनस्ताप वेगळाच. उलट स्टीलचा प्रॉक्टोस्कोप, चांगल्या पोलादाची कात्री, वाफेत टिकणारी पेन्सिल यांचा प्रारंभिक खर्च मोठा वाटला, तरी वर्षभरात ती एकवापरी साधनांहून स्वस्त पडतात आणि कचराही कमी होतो. स्वस्त व पोकळ ते नवे, भक्कम व उघडे ते पुनर्वापरयोग्य. लहान चिकित्सालयासाठी एवढा नियम पुरेसा आहे. या दोहोंच्या मधला प्रदेश, म्हणजे एकवापरी साधनाचा पुनःसंस्कार, हा प्रयोगशाळा, यंत्रसामग्री आणि उत्तरदायित्व असलेल्यांचाच आहे.

तो प्रदेश वाईट आहे, असे मात्र नाही. २०२१ मध्ये जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात हृदयाच्या विद्युत्परीक्षेतील कॅथेटरांच्या पुनःसंस्कारामुळे नव्याच्या तुलनेत तापमानवाढीवरील परिणाम सुमारे निम्म्यावर आल्याचे दिसले. महागडी साधने आणि प्लॅस्टिकचे ढीग यांचा विचार करता, पुढेमागे आपल्याकडेही सिद्ध पद्धतीने हे काम व्हावे, अशी अपेक्षा बाळगणे योग्यच आहे.

औषधालयचालक बंधूंसाठी

साहित्य आपल्या काउंटरवरून जाते, म्हणून पहिली चाळणी आपली आहे. सुटे, पेटीबाहेरचे निर्जंतुक साधन खरेदी करू नये. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व परवाना क्रमांक, बॅच, निर्जंतुकीकरणाची पद्धत, मुदत आणि रेघ मारलेला २ ही चिन्हे पाहावीत. वेष्टनाची कड हाताने चिकटविल्यासारखी, छपाई फिकट किंवा बॅच क्रमांक पेटीवर एक व पाकिटावर दुसरा असेल, तर माल परत करावा. पक्के बिल नसेल, तर किंमत कितीही कमी असो, त्या मालास हात लावू नये. वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत आणि आता सर्व वैद्यकीय उपकरणे नियमनाच्या कक्षेत आली आहेत, याचे भान असावे.

चिकित्सालयांनीही बाजारात जुना माल जाऊ नये याची काळजी घ्यावी. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आयुष चिकित्सालयांनाही लागू आहेत. सुया व ब्लेड कापून पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. सुईविरहित सिरिंज, कॅथेटर, नळ्या व हातमोजे लाल पिशवीत. नळ्या आणि कॅथेटर टाकण्यापूर्वी कात्रीने कापावेत. ज्या पेन्सिली माझ्या दारात आल्या, त्या कोणत्या तरी शस्त्रकर्मगृहातून अखंड बाहेर पडल्या होत्या, हे विसरता येत नाही.

शेवटी

नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शल्य व शालाक्य तंत्राच्या पदव्युत्तर शिक्षणात ५८ शस्त्रकर्मांचा स्पष्ट उल्लेख झाला. त्यावर मोठा वाद झाला. आपण आपला अधिकार सांगितला, सुश्रुतपरंपरेचा दाखला दिला. तो दाखला खरा आहे. परंतु त्या परंपरेत शस्त्र चालविण्याइतकेच शस्त्र पारखणेही येते. आपल्या शस्त्रकर्मांकडे टीकाकारांची नजर असताना आपल्या ट्रेमध्ये काय आहे, हे आधी आपण पाहिले पाहिजे.

वाचकांनी हा अंक बाजूला ठेवून आपल्या चिकित्सालयातील निर्जंतुक साधनांचे कपाट उघडावे. प्रत्येक साधन हाती घेऊन तीन प्रश्न विचारावेत : हे पुन्हा वापरण्यासाठी घडविले आहे काय? हे स्वच्छ झाल्याचा पुरावा माझ्याकडे आहे काय? उद्या रुग्णाने विचारले, तर मी त्याला नोंद दाखवू शकेन काय? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘अजून कोणाची तक्रार नाही’ असे आले, तर ते साधन त्या कपाटात नसावे.

इत्यलम्।